संगणकीय भाषाविज्ञानाचा वाचनगट: नाशिकमधल्या एका महाविद्यालयाचे प्रकरण

परिस्थिती

नाशिकच्या कॉलेज रोड परिसरातल्या एका महाविद्यालयात संगणकशास्त्र विभागातल्या प्राध्यापिकेने जुलैमध्ये वाचनगट सुरू केला. विषय संगणकीय भाषाविज्ञान, म्हणजे माणसांची भाषा संगणकाकडून हाताळण्याचे शास्त्र. नावनोंदणी सतरा जणांची: एम.एस्सी. संगणकशास्त्राचे नऊ, अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाचे तीन, एम.ए. मराठीचे चार आणि मराठी विभागातले एक प्राध्यापक. बैठक दर शनिवारी दुपारी. पद्धत सगळीकडे असते तीच: आठवड्याला एक पेपर, एक विद्यार्थी स्लाइड करून आणणार, बाकीचे ऐकणार, शेवटी "कोणाला काही शंका?"

चौथ्या शनिवारी सहा जण आले. मराठीच्या चार विद्यार्थ्यांपैकी एकच उरली होती, आणि तिने पूर्ण वेळात तोंड उघडले नव्हते. मराठीचे सर येत होते, पण मागच्या बाकावर बसून. विभागप्रमुखांचे म्हणणे असे की, मुलांना वाचायचेच नाही. ते निदान चुकीचे होते. याच मुलांनी पुढच्या आठ आठवड्यांत चार पेपर ओळीने वाचले, त्यातल्या दोघांनी तर छापील तक्त्यांतले आकडे पुन्हा मांडून पाहिले. मधल्या काळात बदलली ती कामाची वाटणी. हे प्रकरण त्या वाटणीचे आहे.

कुठे बिघडले

पहिला पेपर निवडला होता 2017 चा, ट्रान्सफॉर्मर या मॉडेलाची रचना मांडणारा. निवड समजण्यासारखी आहे. आजच्या बहुतेक मोठ्या भाषा-मॉडेलांचे मूळ तिथे आहे. पण नवख्या गटासाठी तो पेपर दोन कारणांनी गैरसोयीचा. एक, तो आधीच्या तीन वर्षांतले काम वाचकाला माहीत आहे असे धरून चालतो. 'अटेन्शन' (एक शब्द हाताळताना बाकीच्या कोणत्या शब्दांकडे किती लक्ष द्यायचे) ही कल्पना भाषांतरात आधीच आली होती, आणि ती का लागली हे न कळता थेट तिच्या आठ समांतर शाखांचे सूत्र फळ्यावर आले की अर्धा वर्ग तिथेच सुटतो. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे: त्यातला एकही प्रयोग गटाला हाताने तपासता येत नाही. इंग्रजी-जर्मन भाषांतरासाठी सुमारे 45 लाख वाक्यजोड्या, इंग्रजी-फ्रेंचसाठी 3 कोटी 60 लाख, आणि मोठे मॉडेल आठ जीपीयूंवर (वेगाने गणित करणाऱ्या चिपांवर) साडेतीन दिवस चालवलेले. गूगलच्या कोलॅब या ऑनलाइन सेवेतल्या फुकट जीपीयूवर काम करणाऱ्या मुलांना हे आकडे फक्त मान्य करता येतात. जे नुसते मान्य करायचे त्यावर चर्चा होत नाही.

स्लाइडची सवयही मारक ठरली. सादर करणाऱ्याने चाळीस स्लाइड आणल्या की बाकी सोळा जणांना पेपर उघडायचे कारणच उरत नाही. शिवाय स्लाइडवर येतो तो सारांश आणि निकालांचा तक्ता. गृहीतके, वगळलेला डेटा, तळटीपा मागे राहतात. पेपरमध्ये वादाचे जे काही असते ते बहुतेक तिथेच असते.

तिसरी गोष्ट सगळ्यात जास्त नुकसान करून गेली. मराठीच्या विद्यार्थ्यांना कामच नव्हते. त्यांना "भाषेच्या बाजूने काही सांगा" असे म्हटले जाई. एवढ्या ढोबळ प्रश्नाला कोणीही गप्पच बसेल. संगणकाच्या मुलांना कोड माहीत होता, पण सामान्यरूप, म्हणजे प्रत्यय लागताना शब्दाचे होणारे रूप ('घर'चे 'घरा'), ते दहावीनंतर विसरलेले. मराठीच्या मुलांना सामान्यरूप पाठ, पण टोकनायझर (मॉडेलासाठी मजकुराचे तुकडे करणारे साधन) हा शब्द पहिल्यांदा ऐकलेला. दोघांना एकमेकांची गरज पडेल असा प्रश्नच टेबलावर नव्हता.

नवी घडी

पाचव्या आठवड्यात बैठक रद्द केली आणि तेवढ्या वेळात नियम ठरवले. पेपर पंधरवड्याला एक. निवडीची अट एकच: त्यातली निदान एक गोष्ट वीस-तीस मराठी वाक्यांवर, कागदावर किंवा फुकटच्या साधनाने, नव्वद मिनिटांच्या आत तपासता आली पाहिजे. एसीएल अँथॉलॉजी या संकेतस्थळावर या क्षेत्रातले बहुतेक महत्त्वाचे पेपर मोफत मिळतात, त्यामुळे पैशाचा प्रश्न येत नाही. मोठा पेपर साधारण आठ पानांचा आणि वर संदर्भ. संदर्भ सोडून पाठपोट झेरॉक्स केली की माणशी चार कागद. छापील प्रत आग्रहाने दिली, कारण मोबाइलवर वाचणारा तक्ता आणि मजकूर एकत्र पाहू शकत नाही आणि समासात काही लिहू शकत नाही.

दर पेपरला चार जबाबदाऱ्या, चार वेगळ्या माणसांवर. मांडणी करणारा: जास्तीत जास्त बारा मिनिटे, खडू-फळा, स्लाइड नाही. आकडे तपासणारा: एक तक्ता निवडून त्यातला प्रत्येक आकडा कशाचा भागिले कशाचा हे सांगणारा. भाषा तपासणारा: पेपरातल्या दाव्याला मराठीतून अडचणीत आणणारी वाक्ये घेऊन येणारा. आणि नोंद ठेवणारा. भाषेची तपासणी शक्यतो मराठी विभागाकडे आणि आकड्यांची संगणकाकडे, पण प्रत्येक तिसऱ्या पेपरला अदलाबदल. ही अदलाबदल टाळू नये. नाहीतर वर्षअखेरीस दोन गट एका खोलीत बसलेले राहतात.

वेळ सव्वादोन ते पावणेचार. सिन्नर, दिंडोरी, पिंपळगावकडे एसटीने परतणारी मुले असतात. चारनंतर बैठक लांबली की ती अर्ध्यातून उठतात आणि पुढच्या वेळी येतच नाहीत.

पहिली दहा मिनिटे शांत वाचन. ज्यांनी वाचले नाही त्यांना निदान सारांश आणि तक्ते पाहता येतात, आणि वाचून आलेल्यांना आपल्या खुणा परत दिसतात. काही जणांना ही वेळेची उधळपट्टी वाटली. पण ती दहा मिनिटे काढून टाकलेल्या एका बैठकीत चर्चा पुन्हा दोघांतिघांतच फिरली, तेव्हा ती परत आणली.

पहिला पेपर: शब्दांचे तुकडे

नव्या घडीतला पहिला पेपर 2016 चा, रिको सेनरिक, बॅरी हॅडो आणि अलेक्झांड्रा बर्च यांचा, विरळ शब्दांचे भाषांतर त्यांच्या तुकड्यांतून करण्याविषयीचा. त्यातली पद्धत, बाइट पेअर एन्कोडिंग, पायथॉनच्या काही ओळींत पेपरमध्येच छापली आहे आणि सोबत चार इंग्रजी शब्दांचे उदाहरण आहे. नियम सोपा: शब्द सुट्या चिन्हांत फोडा, शब्दाच्या शेवटी एक खूण ठेवा, सगळ्यात जास्त वेळा शेजारी येणारी जोडी एकत्र करा, पुन्हा मोजा.

भाषा तपासणाऱ्या विद्यार्थिनीने चार शब्द आणले, वारंवारितेसह: घरात 5, घराला 4, दारात 3, दाराला 2. गटाने हे फळ्यावर हाताने सोडवले. युनिकोडमध्ये, म्हणजे संगणकात लिप्या साठवण्याच्या संकेतपद्धतीत, काना हे स्वतंत्र चिन्ह असल्याने 'घरात' सुटतो तो घ, र, काना, त असा. पहिल्या फेरीत सगळ्यात मोठी जोडी र आणि काना: 5+4+3+2, म्हणजे 14. ती जुळून 'रा' झाली. दुसऱ्या फेरीत घ आणि रा यांची जोडी 9 वेळा, बाकी सगळ्या 8 किंवा त्याहून कमी. झाले 'घरा'. तिसऱ्या फेरीत त आणि शब्दान्ताची खूण, 8 वेळा.

इथे मराठीचे सर मागच्या बाकावरून फळ्यापाशी आले. 'घरा' हे सामान्यरूप आहे आणि शब्दाच्या शेवटचा 'त' हा सप्तमीचा प्रत्यय. व्याकरणाचा एकही नियम न सांगता तीन फेऱ्यांत दोन्ही वेगळे पडले होते. पण पहिल्या फेरीतला 'रा' व्याकरणात कुठेच बसत नाही: त्यातला र मूळ शब्दाचा आणि काना सामान्यरूपाचा. 'दारात' मध्ये तोच 'रा' अजून अडकलेला होता आणि 'दारा' तयार व्हायला आणखी फेऱ्या लागणार होत्या. म्हणजे पद्धत व्याकरण शिकत नाही. जो शब्द जास्त वेळा येतो त्याचे तुकडे व्याकरणाशी जुळलेले दिसतात, कमी येणाऱ्याचे दिसत नाहीत. हे वाक्य पेपर वाचून पाठ करता येते. फळ्यावर पाहिले की ते मनात बसते.

चौथ्या फेरीत अडचण आली, आणि ती मुद्दाम येऊ द्यावी. ल व काना ही जोडी 6 वेळा आणि काना व शब्दान्ताची खूण ही जोडीही 6 वेळा. बरोबरी. फळ्याच्या दोन बाजूंना सोडवणाऱ्या दोघांनी वेगवेगळी निवड केली आणि पुढचे उत्तर वेगळे निघाले. पेपरातला कोड अशा वेळी जोड्यांच्या मोजणीच्या यादीत आधी आलेली जोडी घेतो, आणि पायथॉनच्या जुन्या आवृत्त्यांत हा क्रम ठरलेलाच नसे. आकडे तपासणाऱ्याने हे शोधून सांगितले. एकच पद्धत दोन ठिकाणी वेगळे निकाल कशी देते याचा याहून स्वच्छ नमुना शोधूनही सापडणार नाही.

आणखी एक प्रश्न त्या दिवशी सुटला नाही आणि तसाच नोंदवला गेला: फोड युनिकोडच्या चिन्हांवर करावी की अक्षरांवर? अक्षरांवर केली तर 'रा' सुरुवातीपासूनच अखंड राहतो, आणि सामान्यरूपाचा काना कधीच सुटा दिसत नाही.

दुसरा पेपर: पंधरा तालुके

बर्ट या गूगलच्या भाषा-मॉडेलाचा पेपर 2019 मध्ये अधिकृतपणे छापला गेला. त्याच्यासोबत आलेल्या बहुभाषिक मॉडेलाच्या दोन आवृत्त्या आहेत: एक इंग्रजीतले मोठे-लहान अक्षर वेगळे ठेवणारी, दुसरी सगळे लहान करणारी. देवनागरीत मोठे-लहान अक्षर नाही, त्यामुळे कोणती घ्यावी याने फरक पडू नये, असा गटातल्या बहुतेकांचा अंदाज होता. संगणकाच्या एका विद्यार्थ्याने आधी 'नाशिक' टाकून पाहिले होते. शब्द जसाच्या तसा बाहेर आला, म्हणून त्याने दुसरी आवृत्ती ठीक आहे असे ठरवले होते.

भाषा तपासणाऱ्याचे काम होते जिल्ह्यातल्या पंधराही तालुक्यांची नावे टाकायची. नाशिक, कळवण, निफाड आणि बागलाण शाबूत राहिले. बाकी अकरा बदलले. येवला झाले 'यवला', पेठ झाले 'पठ', सुरगाणा 'सरगाणा', मालेगाव 'मालगाव', सिन्नर 'सिननर', दिंडोरी 'दिडोरी'. त्र्यंबकेश्वरचे 'तरयबकशवर' झाले. शेवटी कोणीतरी 'पुणे' टाकले आणि बाहेर आले 'पण'.

कारण असे. दुसरी आवृत्ती लहान अक्षरे करताना फ्रेंच वगैरे भाषांतली अक्षरांवरची चिन्हेही काढून टाकते. त्यासाठी ती युनिकोडमधल्या एका गटाची, जागा न घेणाऱ्या जोडचिन्हांची, सरसकट छाटणी करते. देवनागरीतले उकार, ऋकार, एक आणि दोन मात्रा, अनुस्वार आणि पायमोडका हलन्त त्याच गटात नोंदलेले आहेत. काना, दोन्ही वेलांट्या, ओकार-औकार आणि विसर्ग दुसऱ्या गटात, म्हणून ते वाचतात. 'नाशिक' मध्ये काना आणि वेलांटीच असल्याने दोष दिसलाच नव्हता. चाचणीसाठी एकच, तोही जवळचा शब्द घेतला की असे होते.

"मग छाटणी बंद करायची सोय आहे ना?" हा प्रश्न लगेच येतो. सोय आहे, पण उपयोग नाही. मॉडेलाचा शब्दसंग्रहच छाटलेल्या मजकुरातून बनलेला असल्याने मात्रा असलेले तुकडे त्याला ओळखीचे नसतात. मोठे-लहान अक्षर वेगळे ठेवणारी आवृत्ती घ्यायची, इतकेच. मॉडेल तयार करणाऱ्यांनीही तीच सुचवली आहे.

या बैठकीनंतर गटाने तपासणीच्या वाक्यांचा एक कायमचा संच करायला घेतला: ळ, ऱ्य, जोडाक्षरे, शब्दयोगी अव्ययांची साखळी असलेले 'शेतकऱ्यांकडूनसुद्धा' सारखे शब्द, बाजारसमितीच्या बातम्यांतली आकडे-मापे, आणि सटाणा-मालेगावकडच्या मुलांनी लिहिलेली अहिराणी वाक्ये. अहिराणीचा आग्रह योग्य होता. मराठीसाठी केलेले साधन अहिराणीवर कसे कोसळते हे नाशिक जिल्ह्यातला गट घरबसल्या पाहू शकतो.

संच साठवतानाही एक खड्डा आहे. 'ॲप' मधला ॲ एका संकेताने लिहिता येतो किंवा अ वर वेगळा चंद्र देऊन. 'बँक' सुद्धा चंद्रबिंदूने किंवा चंद्र आणि अनुस्वार वेगळे देऊन. डोळ्याला सारखे दिसते, संगणकाला वेगळे शब्द वाटतात, आणि युनिकोडचे नेहमीचे एकरूपीकरण या जोड्या जुळवत नाही. ऱ मात्र त्यात जुळतो. त्यामुळे या दोन-तीन बदलांचा छोटा तक्ता हाताने करून संचावर आधी चालवावा लागतो.

उरलेले दोन पेपर

मराठी ट्वीटमधल्या भावना ओळखण्यासाठीचा एल3क्यूब पुणे या संशोधनगटाचा 2021 चा डेटासंच सुमारे 16,000 ट्वीटचा आहे, तीन वर्गांत: सकारात्मक, नकारात्मक, तटस्थ. गटाने पेपर वाचण्याआधी चाळीस वाक्यांना आपापली लेबले दिली, एकमेकांना न दाखवता. मग कोहेनचा कप्पा काढला, म्हणजे योगायोगाचा भाग वगळून उरणारी सहमती. दोघांच्या लेबलांचे गणित असे चालते: चाळीसपैकी तीस जुळली, म्हणजे 0.75. पण एकाने 10-14-16 आणि दुसऱ्याने 12-12-16 अशी लेबले दिली असतील तर नुसत्या योगायोगाने जुळण्याची अपेक्षा (120+168+256) भागिले 1600, म्हणजे 0.34. कप्पा आला 0.41 भागिले 0.66, सुमारे 0.62. पाऊण जुळले म्हणून खूश झालेली मुले इथे थांबून विचार करू लागतात. न जुळलेली दहा वाक्ये मोठ्याने वाचली तेव्हा बहुतेक भांडण 'तटस्थ' वरच निघाले: बातमी वाईट आहे पण सांगणारा शांत आहे, तर लेबल कोणते? लेबल देण्याच्या सूचना किती नेमक्या असाव्या लागतात हे मराठीच्या विद्यार्थ्यांनी इथे फार चांगले दाखवले.

चौथा पेपर 2017 चा, युनिव्हर्सल डिपेन्डन्सीज या बहुभाषिक प्रकल्पातल्या मराठी वृक्षसंचाचा, म्हणजे प्रत्येक वाक्यातल्या शब्दांचे संबंध झाडासारखे मांडलेल्या संचाचा. एकूण 466 वाक्ये, त्यातली 47 चाचणीसाठी. आकडे तपासणाऱ्याने लगेच दाखवले की इतक्या लहान चाचणीत एक वाक्य म्हणजे दोन टक्क्यांहून जास्त, त्यामुळे एक-दोन टक्क्यांच्या फरकावर कोणते साधन चांगले हे ठरवू नये. 'मुलीने आंबा खाल्ला' मध्ये क्रियापद कर्माशी जुळते, हे झाडात कुठे दिसते आणि कुठे दिसत नाही, यावर उरलेला वेळ गेला. पुरला नाही.

तरीही जे अडले

चॅटबॉटकडून सारांश काढून आणणे थांबले नाही, आणि बंदी घालून थांबणारही नव्हते. नियम केला: बोलताना पान आणि तक्ता क्रमांक सांगायचा. "तक्ता तीन, दुसरी ओळ" असे म्हणायला छापील प्रत उघडावीच लागते. एवढ्याने बरेच काम झाले.

जुन्या पेपरांचा कोड चालत नाही, कारण त्यातल्या लायब्ररींच्या आवृत्त्या बदललेल्या असतात. बैठकीतला अर्धा तास त्यात जाऊ देऊ नये. आकडे तपासणाऱ्याने आदल्या गुरुवारपर्यंत चालवून पाहावे, नाही चालला तर कागदावरची तपासणी तयार ठेवावी. महाविद्यालयाचे वाय-फाय शनिवारी दुपारी बंद असल्याने मॉडेलाच्या फायली आधीच दोन लॅपटॉपवर उतरवून ठेवल्या.

गणिताचे काय, हा प्रश्न मराठीच्या मुलांसाठी खरा आहे. गटाने प्रत्येक पेपरातले एकच सूत्र निवडले आणि ते आकडे घालून सोडवले. बाकीची सूत्रे निःसंकोच सोडली. कप्पा सोडवलेल्या एम.ए.च्या विद्यार्थिनीने पुढच्या पेपरला आकड्यांची जबाबदारी स्वतःहून मागितली.

दिवाळी आणि त्यापुढच्या परीक्षा यांत पाच-सहा आठवडे जातात. त्या काळात बैठक ठेवून रिकामी खोली पाहण्यापेक्षा चार पेपरांवर सत्र संपवले. प्राध्यापिकेची जानेवारीत दुसऱ्या कामावर नेमणूक होणार होती, म्हणून सत्राच्या शेवटच्या बैठकीत जबाबदारी एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षातल्या एकाकडे आणि एम.ए.च्या एकीकडे जोडीने दिली. त्यांच्या हाती दिले ते एवढे: तपासणीची वाक्ये साध्या मजकुराच्या फायलीत, प्रत्येक वाक्यापुढे ते कशासाठी घेतले याची एक ओळ, ॲ आणि बँकचा बदलतक्ता, चारही पेपरांच्या नोंदी, न सुटलेल्या प्रश्नांसह, आणि पुढच्या सत्रासाठी सहा पेपरांची यादी, प्रत्येकापुढे मराठीवर काय तपासायचे ते लिहिलेले. यादीतल्या दोन पेपरांपुढची ती जागा कोरी होती. ते दोन्ही काढून टाकले.